मदत हवी आहे: आईच्या काढ्यातून ज्येष्ठमध काढायचाय, पण चव जायला नको

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७२ वर्षांचे. देवरुखजवळ आमच्या गावी एकटेच राहतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती असताना रोज तिन्हीसांजेला घरात काढा व्हायचा. चहाची पूड नाही, दूध नाही. परड्यातला गवती चहा, तुळस, आलं, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन मिरी, थोडी बडीशेप आणि ज्येष्ठमधाची छोटीशी कांडी. साखर ती कधीच घालायची नाही. घोट गिळल्यावर मागाहून जो गोडवा जिभेच्या मुळाशी येऊन रेंगाळतो, तेवढाच त्या काढ्याचा गोडवा. आई गेल्यावर बाबा स्वयंपाकातलं फारसं काही शिकले नाहीत, पण हा काढा मात्र शिकले.

आई असताना प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण कप यायचा. बाबा सकाळ-संध्याकाळ पेला भरून घ्यायला लागले. कांडी ठेचायचा कंटाळा, म्हणून बाजारातून ज्येष्ठमधाची पूड आणली आणि दर वेळी चहाचा चमचा भरून घालत होते. मी दर रविवारी फोनवर "काढा घेतलात ना?" असं विचारायचे. घेतला म्हणाले की मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात त्यांच्या पावलांवर सूज आली. चढण चढताना पोटऱ्यांत गोळे यायचे, हातापायांत त्राण नाही. बीपी १७०/९६ निघालं. बीपीची गोळी त्यांना आधीपासून आहे, त्यात लघवी जास्त करणारं औषधही आहे. रक्तात पोटॅशियम ३.० भरलं, ते ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. डॉक्टरांनी "दिवसभरात काय काय पिता?" असं नीट विचारलं म्हणून काढ्याचा विषय निघाला. त्यांनी ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद करायला लावला.

बाबांनी ऐकलं. ज्येष्ठमधाशिवाय दोन दिवस काढा करून पाहिला आणि तिसऱ्या दिवसापासून काढाच सोडला. "हा तिचा नाही," एवढंच म्हणाले. आता संध्याकाळी नुसते पडवीत बसून असतात, शेजारची काकू सांगत होती.

तर मला हे हवंय: तो मागाहून येणारा गोडवा दुसऱ्या कशाने आणता येईल? साखर-गूळ नको, त्यांची शुगर सीमेवर आहे. आणि बाकीच्या जिन्नसांत बीपीच्या माणसाने टाळावं असं काही आहे का? तयार पुड्यांचाही विचार केला होता, पण दुकानात पाच-सहा खोकी उलटून पाहिली तर बहुतेकांवर कुठे मुलेठी, कुठे यष्टिमधु, कुठे लिकोरिस. सगळा ज्येष्ठमधच. ज्यांच्या घरी बीपीची माणसं आहेत त्यांनी कृपया खोक्याची मागची बाजू वाचा.

प्रतिसाद १
ताई, बाबांना लवकर आराम पडो. मी दापोली तालुक्यातली, म्हणून दोन गोष्टी सांगते. बडीशेप वाढवा. तिच्यात जो अ‍ॅनेथॉल हा सुगंधी घटक असतो तो मुळातच गोड लागतो, आणि ज्येष्ठमधाच्या वासाशी त्याचं जवळचं नातं आहे. भाजलेली नको, कच्चीच घ्या. भाजली की खमंग होते, गोडवा मागे पडतो.

दुसरं म्हणजे दालचिनी कुठली वापरता ते बघा. किराणा दुकानात बहुधा जाड, कडक, एकाच वळणाची साल मिळते, ती कॅशिया. तिचा तिखटपणा पुढे येतो. शिवाय तिच्यात कौमारिन बरंच असतं, रोज दोन-दोन पेले घेणाऱ्याच्या यकृताला ते चांगलं नाही. सिलोन जातीची साल कागदासारखी पातळ असते, अनेक पदर एकात एक गुंडाळलेले, बोटाने सहज मोडते. चव गोडसर आणि कौमारिन नावापुरतं. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही त्याच जातीची. तुमच्या भागातही कुणाच्या तरी नारळी-पोफळीत आंतरपीक म्हणून लावलेली असेल, विचारून बघा.

प्रतिसाद २
गुंजेचा पाला घाला. पानाच्या ठेल्यावर मिळतो, चावला की साखरेसारखा गोड लागतो. आमच्याकडे घसा बसला की देतात.

प्रतिसाद ३
मी आयुर्वेदाची वैद्य आहे. वरच्या प्रतिसादातला गुंजेचा पाला या बाबांना नको. ज्येष्ठमधाच्या जागी वापरतात अशीच ती वनस्पती आहे, म्हणजे ज्यातून बाहेर पडायचं त्याच्याच दारात पुन्हा जाणं होईल. तिच्या बिया जहाल विषारी असतात, त्यामुळे घरी वेल तोडून आणायच्या भानगडीतही पडू नका.

ज्येष्ठमध हे उत्तम औषध आहे, घसा, आवाज, आम्लपित्त यांसाठी आम्ही देतो. पण मात्रा ठरवून, दिवस ठरवून. त्यातला ग्लिसिरायझिन साखरेच्या साधारण ५० पट गोड असतो. कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडात निष्प्रभ करणारं एक विकर (एन्झाइम) आहे, त्याला तो अडवतो. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. बाबांच्या गोळीनेही पोटॅशियम जात असणार, म्हणजे गळती दोन्हीकडून. हा परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. तोवर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा, गोळ्यांत स्वतःहून बदल करू नका.

२०२० साली आयुष मंत्रालयाने सुचवलेला काढा आठवत असेल: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. त्यात ज्येष्ठमध नव्हता. लोकांनी आपापल्या घरी घातला. तुमच्या यादीतलं बाकी सगळं स्वयंपाकाच्या प्रमाणात चालेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र आलं-तुळस रोज घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि मध घालायचाच झाला तर कढत काढ्यात नको, आणि शुगर लक्षात ठेवूनच.

आता मला तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या आई सगळं एकदम उकळायच्या, की पानं नंतर टाकायच्या? शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदाचार्याने क्वाथ आणि फांट असे दोन वेगळे प्रकार सांगितलेत ते उगाच नाही. क्वाथाला १६ पट पाणी घेऊन आटवत आठवा हिस्सा उरवतात. साल, मूळ, फळ अशा कठीण गोष्टींना ते ठीक. फांटात कढत पाणी ओतून झाकून ठेवायचं, पाना-फुलांना तेच मानवतं. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रलचा असतो, वीस मिनिटं उघड्या पातेल्यात उकळला तर तो स्वयंपाकघरभर पसरतो, कपात काही उरत नाही.

प्रतिसाद ४
बीपीला हिबिस्कस टी चांगला म्हणतात, तोही बघा. मात्र तो परड्यातल्या जास्वंदीचा नव्हे, लाल अंबाडीच्या बोंडांचा. आमच्याकडे वर्ध्याला बोंडांची चटणी करतात. इजिप्तमध्ये त्याचाच गडद लाल चहा पितात, कर्कदे म्हणतात. चव चांगलीच आंबट, तेव्हा तुमच्या आईच्या काढ्याशी त्याचं काही नातं नाही. आणि त्याने बीपी थोडं उतरतं असं चाचण्यांत दिसलंय, म्हणून गोळी चालू असताना डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

धागाकर्ती
वैद्य ताई, तुमचा प्रश्न वाचून मी लगेच मावशीला फोन लावला. आई कशी करायची ते मला सांगताच येईना, मी फक्त पीत आले. मावशी म्हणाली, आई आधी बडीशेप, दालचिनी, मिरी आणि ज्येष्ठमध मंद आचेवर ठेवायची, ठेचलेलं आलं जरा नंतर. आच बंद केली की तुळस आणि गवती चहाच्या पातीची गाठ मारून वरून सोडायची आणि पातेल्यावर ताटली उपडी घालायची. ताटलीला आतून धरलेलं पाणीसुद्धा पातेल्यातच निथळू द्यायची. हे ऐकल्यावर ती ताटली मला लख्ख आठवली, कडेला पोचा आलेली पितळी.

बाबा सगळं एकत्र टाकून खळाखळा उकळत होते. आल्याऐवजी सुंठपूड घालत होते, ती जास्त तिखट. म्हणजे काढा केव्हाच "तिचा" राहिला नव्हता. चव जुळावी म्हणून ते ज्येष्ठमध वाढवत गेले असावेत. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

शनिवारी गावी गेले. दोन कप पाण्यात एक चमचा कच्ची बडीशेप, बोटाएवढी पातळ दालचिनी (वाडीतच मिळाली, तुमचं खरं निघालं दापोलीच्या ताई), एक मिरी, दहा मिनिटं मंद आचेवर. मग आल्याचे चार काप, आणखी तीन मिनिटं. आच बंद. तुळशीची सहा-सात पानं, गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून, वर तीच ताटली. दहा मिनिटांनी गाळला. गोडवा ज्येष्ठमधाइतका रेंगाळत नाही, हे खरं. पण ताटली उचलल्यावर जो वास आला, त्याने बाबा पडवीतून उठून आत आले.

पाऊण कप प्यायले. "आलं जरा कमी घाल," म्हणाले, आणि कप धुवायला स्वतः गेले.

तीन आठवड्यांनंतरची भर: पोटॅशियम ४.१, बीपी १३८/८२, सूज नाही. डॉक्टरांना नवा काढा जिन्नसांसकट लिहून दाखवला, संध्याकाळी एक कप चालेल म्हणाले. बाबा आता आपला आपण करतात. फक्त काल फोनवर म्हणाले की बडीशेपेचा गोडवा कधी उतरतो, कधी उतरत नाही. ते अख्खी घालतात. ठेचून घालावी का?

प्रतिसाद ३
हो, ठेचून. पण आयत्या वेळी, खलबत्त्यात दोनच ठोके. ठेचून डबा भरून ठेवू देऊ नका, आठवड्यात वास उडतो.