मदत हवी आहे: मंडळी गात नाहीत, नुसती ऐकतात

सर्वांना जय ख्रिस्त! भायखळ्याजवळच्या आमच्या मराठी चर्चमध्ये रविवारचं संगीत सहा महिन्यांपासून माझ्याकडे आलंय, दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. आधी पेटी-तबला होता, आता पोरांनी कीबोर्ड, गिटार, ड्रम आणलेत, वाजवतात पण मस्त, फक्त आवाज इतका की मागच्या बाकावरच्या आज्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येत नाही, मग त्या गप्प. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन घेतलं की त्याच आज्या पुस्तक न उघडता गातात!! टिळक १९१९ ला गेले, चाली अजून तोंडात आहेत. नवीन गाणी बरीचशी हिंदी, ती स्क्रीनवर बघून पण जमत नाहीत.

दुसरा घोळ पट्टीचा, म्हणजे गाणं पेटीच्या कुठल्या सुरावरून धरायचं त्याचा. आमचा लीड गाणारा काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी) धरतो, बायकांना ठीक, पुरुष वर पोचतच नाहीत. काळी एकला आणलं की बायकांना खाली जातं. मधली कुठली पट्टी धरता तुम्ही? आणि ड्रम कमी करा हे पोरांना न दुखावता कसं सांगायचं, कारण ती रुसली तर पुढच्या रविवारी मी एकटाच पेटी घेऊन बसणार.