बाबांच्या चहातल्या गोळ्या आणि घरचा गूळ: काय खरं, काय खोटं?

गुळव्याचं_पोरगं (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबडं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचे बाबा ६७ वर्षांचे, वजन ६० किलो. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. तीस वर्षं बाबा गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात गूळ शिजवणारे. काहील, म्हणजे उसाच्या रसाची मोठी कढई, कधी उतरवायची ते बाबांनी सांगायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, बोटानं वळून गोळी बसते का बघायची आणि ती कशावर तरी आपटून आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज आला की काहील खाली. एक मिनिट इकडंतिकडं झालं तर ढेप बसत नाही, बाजारात मालाला कोण विचारत नाही.

दोन वर्षांमागं त्यांना शुगर निघाली. चहा दिवसाला पाच कप, तो काय सुटत नाही. म्हणून डॉक्टरांनी साखरेऐवजी गोळ्या सांगितल्या. एका कपाला दोन, म्हणजे रोज दहा. डबीवर एका गोळीत अ‍ॅस्पार्टेम (साखरेऐवजीची कृत्रिम गोडी) १८ मिलिग्रॅम असं छापलंय. बरं चाललेलं. गेल्या आठवड्यात कट्ट्यावर कुणीतरी मोबाईल दाखवला, ‘ह्यानं कॅन्सर होतो’. झालं. डबी गेली फळीवर आणि बाबांचा गुळाचा चहा सुरू. म्हणतात, “गूळ आपल्या रानातला. गुळानं कधी कुणाला काय झालंय?” ज्या माणसानं जन्मभर गूळ केला त्याला मी काय सांगणार?

त्यात माझाही एक घोळ आहे. दिवाळीला मी एका दुकानातनं ‘शुगर फ्री’ पेढे आणले. फ्री म्हटल्यावर बाबांनी एका बैठकीत सहा उडवले. रात्रभर पोट बिघडलं, आणि सकाळी उपाशीपोटी साखर १८८. दुकानात विचारायला गेलो तर “साखर घातलेलीच नाही” एवढंच उत्तर.

तर सांगा. गोळ्या खरंच एवढ्या वाईट आहेत का? गूळ चालतो का? आणि पेढ्यात नक्की काय होतं?

औषधवाला (राजारामपुरी)

भावा, आधी हिशोब करू. अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागं ४० मिलिग्रॅम. बाबा ६० किलोचे, म्हणजे २४०० मिलिग्रॅम. ते घेत होते १८०. मर्यादा गाठायची तर रोज १३३ गोळ्या लागतील. तेवढ्यासाठी ६६ कप चहा प्यावा लागंल!

कॅन्सरची बातमी अगदी हवेतली नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अ‍ॅस्पार्टेम ‘२ ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. पण हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच वेळी अन्नातल्या रसायनांची मर्यादा ठरवणाऱ्या समितीनं सगळं तपासून ४० हा आकडा तसाच ठेवला. मोबाईलवर हे दुसरं वाक्य येत नाही.

सॅकरिन या दुसऱ्या कृत्रिम गोडीचंही असंच झालेलं. नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला म्हणून अमेरिकेत डब्यावर इशारा छापायचे. पुढं कळलं की ते उंदरांच्या लघवीच्या रचनेमुळं होतं, माणसात तसं घडत नाही. २००० साली तो इशारा काढला.

एकच माणूस खरोखर जपायचा. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यानं अ‍ॅस्पार्टेमला शिवायचं नाही. डबीवर बारीक अक्षरात ते असतं. आणि लहान पोरांना देऊ नका, तेही तिथंच असतं.

रंकाळ्याची_ताई

मला स्वतःला अकरा वर्षं शुगर आहे, म्हणून बोलतो. (होय, आम्ही कोल्हापुरी बायका ‘बोलतो’च म्हणतो, हसू नका.)

पेढ्याचं सांगतो. साखर नसली तरी खवा दुधाचाच, त्यात दुधाची साखर आहेच. वरनं गोडीसाठी आणि वजन भरण्यासाठी बऱ्याचदा माल्टिटॉल घालतात. त्यानंही साखर वाढते, फक्त नेहमीच्या साखरेपेक्षा कमी. आणि जास्त पोटात गेलं तर जुलाब. सहा पेढ्यांत ते होणारच. पुढच्या वेळी खोक्यावर काय काय घातलंय ते वाचा, छापलेलं नसलं तर घेऊच नका.

गोळी उकळत्या चहात टाकू नका, कपात घाला. मी एकदा गोळ्या घालून शिरा केलेला. उष्णतेनं अ‍ॅस्पार्टेम मोडतं, गोडी जाते. शिरा असला सपक झाला की मालकांनी वर लोणचं घेतलं.

कट्ट्यावरचा_पैलवान

केमिकल ते केमिकल. गूळ खावा, तालीम करावी, काय होत नाही.

औषधवाला (राजारामपुरी)

पैलवान, तालमीचं मान्य. पण गूळही बहुतांश सुक्रोजच, साखरेचा सख्खा भाऊ. लोह वगैरे थोडं असतं, पण तेवढ्यासाठी शुगरवाल्यानं गूळ खाणं म्हणजे फुलासाठी अख्खं झाड तोडणं.

तुमची शंका मात्र पूर्ण खोटी नाही. २०२२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी १२० निरोगी लोकांवर दोन आठवडे प्रयोग केला. सॅकरिन आणि सुक्रालोज (तीही तसलीच कृत्रिम गोडी) घेणाऱ्यांचं शरीर साखर हाताळायला थोडं कमी पडलं, आतड्यातले जिवाणूही बदलले. आणि मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन उतरवायला असली गोडी वापरू नका. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र तो सल्ला लागू नाही, असंही त्यातच लिहिलंय. म्हणून बाबांची गोष्ट वेगळी. तरी दहाच्या पाच गोळ्या झाल्या तर चांगलंच.

रंकाळ्याची_ताई

हेच म्हणणार होतो. जिभेची सवय कमी करा. मी दोनाची एक केली, मग अर्धी. तीन महिन्यांनी लेकीकडं साखरेचा चहा प्यायलो तर घसा खवखवला.

गुळव्याचं_पोरगं

मंडळी, लई आभार. बाबांशी वाद घालण्यापेक्षा घरातलं मशीन काढलं. दोन दिवस सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं, मग चहा, मग तासाभरानं परत टोचलं. चहात दूध तेवढंच.

पहिल्या दिवशी गुळाचा चहा: १३१ वरनं १९४.
दुसऱ्या दिवशी गोळीचा: १२८ वरनं १४२.

बाबांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले. “मशीन बिघडलंय काय?” म्हणाले. मग माझंही बोट टोचायला लावलं. माझे ९६ आले. त्यावर गप्प. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही हे आकडे दाखवणार आहे.

संध्याकाळी बघतो तर फळीवरची डबी खाली. बाबांनी वाटीत थंड पाणी घेतलेलं आणि त्यात एक गोळी टाकलेली. जुन्या सवयीनं दोन बोटांनी वळायला गेले, तर ती हातातच विरघळली. वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाले,

“ही बसत न्हाई. एकच घाल, दुसरी नको.”