एम.ए. मानसशास्त्राचं डिझर्टेशन: गुगल फॉर्म बंद करावा का?

कलिनाकर (धागाकर्ता)
एम.ए.च्या डिझर्टेशनसाठी व्हॉट्सॲपवर फिरवलेला गुगल फॉर्म चालवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फॉर्म फिरतो तो वर्गमैत्रिणींच्याच ग्रुपांत. भरणारे बहुतेक विशी-बाविशीचे, इंग्रजी माध्यमातले, त्यातही बरेचसे मानसशास्त्रच शिकणारे. आणि शीर्षक असतं 'मुंबईतील तरुणांमधील ताण'! मानखुर्दहून पार्सलं पोहोचवणारा मुलगा त्यात येतच नाही. वर इंग्रजी प्रश्नावली तशीच उचललेली. उलट्या अर्थाने लिहिलेल्या विधानांचे गुण फिरवायचे राहतात, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) घसरतो आणि खापर प्रश्नावलीवर फुटतं.

दोन_चलं
असहमत. विषय मंजूर झाल्यावर हातात मोजके महिने उरतात. रुग्णालयात जाऊन रुग्णांकडून माहिती घ्यायची तर तिथल्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि त्यातच सेमिस्टर सरतं. फॉर्म बंद केलात तर तेच प्रश्न कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कागदावर वाटले जातील, नमुना तोच राहील.

खरा घोळ नियोजनात आहे. 0.3 एवढा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप) 80 टक्के पॉवरने, म्हणजे तो खरंच असेल तर सापडण्याच्या 80 टक्के शक्यतेने, पकडायला साधारण 85 जण लागतात. दोन गटांतला मध्यम फरक (कोहेनचा डी, म्हणजे फरकाचं माप, 0.5) दाखवायला प्रत्येक गटात 64. जी-पॉवर या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत निघतं, पण माहिती गोळा करायच्या आधी काढायला हवं. नंतर काढून उपयोग नाही. दुसरं म्हणजे चलांची, म्हणजे मोजायच्या गोष्टींची, गर्दी. 10 चलं घेतली की 45 सहसंबंध तयार होतात. प्रत्यक्षात काहीही संबंध नसला तरी 0.05 पातळीला (योगायोगाने चुकण्याची 5 टक्के मुभा) त्यातले दोन-तीन 'सार्थक', म्हणजे खरे वाटणारे, दिसतात, आणि मुलं नेमक्या त्यांच्यावरच चर्चेचं प्रकरण उभं करतात. गृहीतकं आधी लिहून गाईडची सही घ्या, मग खुशाल फॉर्म फिरवा.

सायन_स्लो
तुम्ही दोघेही नमुन्यावर अडलात. मला जास्त काळजी वाटते ती पीएचक्यू-9 ची, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ विधानांच्या प्रश्नावलीची. फुकट मिळते, छोटी आहे, म्हणून सर्रास वापरतात. तिचं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर कुणी रात्री दोन वाजता 'जवळजवळ रोज' निवडलं तर पुढे काय? फॉर्म आभार मानतो आणि बंद होतो. त्या माणसापर्यंत पोहोचायचा रस्ताच ठेवलेला नसतो.

दोनच मार्ग आहेत. एक तर नववं विधान नसलेली पीएचक्यू-8 घ्या. नाहीतर फोन नंबर मागा आणि कोण, किती तासांत फोन करणार हे संमतिपत्रात लिहा. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक शेवटच्या पानावर सगळ्यांनाच दिसू द्या, फक्त जास्त गुण आलेल्यांना नव्हे.

कलिनाकर
पीएचक्यू-8 चा मुद्दा मान्य, धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता. पॉवरचं गणितही बरोबर आहे, पण 85 जण एकाच वर्गातले असतील तर ते गणित मुंबईबद्दल काहीच सांगत नाही.

मराठी प्रश्नावली घरी बसून होत नाही. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, तफावती मिटवायच्या. मग पाच-सहा जणांना एकेक विधान वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारायचं. ही शेवटची पायरी फॉर्मवर जमत नाही, आणि नेमकी तीच गाळली जाते.

दोन_चलं
पायरी योग्य आहे, पण ती पाच-सहा जणांपुरतीच आहे. ती समोरासमोर करा, बाकीचे 80 फॉर्मवर घ्या. त्यासाठी फॉर्मच बंद करायचं कारण मला अजून दिसत नाही.

वडाळा_रोड
मग मुलाखतीच का नकोत? आठ-दहा पुरतात. पण आकडेशास्त्र टाळायला हा रस्ता धरू नका. एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, कोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना अर्थानुसार नावं देणं) त्यानंतर. गाईडने पहिली दोन उतरवलेली पानं कोडसकट तपासली नाहीत, तर दहावी मुलाखत झाली तरी थीमच्या (सारख्या अर्थाच्या कोडांच्या गटांच्या) नावाखाली विचारलेले प्रश्नच परत लिहिलेले सापडतात.