मोटार नसलेल्या गावात: डिस्कव्हरी बेचे अनुभव

खाजगी मोटारींना बंदी असलेली वसाहत म्हटलं की कर्वे रोडवर राहणाऱ्याला स्वर्गच वाटणार! हाँगकाँगच्या लांताव बेटावरची डिस्कव्हरी बे, तिथल्यांची ‘डीबी’, तशी आहे. पुण्याहून मुलांकडे जाऊन राहिलेल्यांनी, तिथे संसार थाटलेल्यांनी लिहा. समुद्राचे फोटो खूप पाहिले, रोजचं सांगा.

कोथरूड
नातवाला सांभाळायला गेले होते. सकाळी सगळं गाव धक्क्याकडे धावतं. सेंट्रलला, म्हणजे हाँगकाँग बेटावरच्या ऑफिसांच्या भागात, बोटीने साधारण अर्धा तास. सूनबाईचं काजळ-पावडर बोटीतच व्हायचं. नातू रस्त्यावर खुशाल सायकल चालवायचा. इथे मी त्याला गेटबाहेर सोडत नाही. भाजीला बसने लांतावरच्याच तुंगचुंग गावाच्या मंडईत. पोहे, हिंग, कढीपत्ता मात्र चुंगकिंग मॅन्शन्स या भारतीय दुकानांच्या इमारतीतून, म्हणजे आधी बोट, मग खाडीपलीकडे मेट्रो. लेक आणायला विसरला की आठवडाभर बिनकढीपत्त्याची आमटी.

बाणेर
मोटारी नाहीत, पण गोल्फ कार्ट आहेत. परवाने ठरावीक, त्यामुळे एका कार्टच्या पैशात इथे चांगली मोटार येऊन वर पैसे उरतील. हौसेला मोल नाही म्हणतात, ते तिथे कळतं.

सदाशिव पेठ
2018 चे गणपती. शाडूची मूर्ती इथूनच मांडीवर नेलेली. 16 सप्टेंबरला मांगखुट वादळ, दहा नंबरचा सिग्नल (तिथला वादळाचा सगळ्यात वरचा इशारा), बोटी बंद. अकराव्या मजल्यावर खिडकीच्या फटीतून पाणी आत. पाटाखाली टॉवेल कोंबून आरती केली. आठ नंबर लागला तरी कामं थांबतात, तिथे दहा म्हणजे विचारूच नका. दुसऱ्या दिवशी विसर्जन बादलीत. समुद्र समोर असून!

औंध
वरचं सगळं खरं, पण 2000 साली बोगदा झाल्यापासून बसनेही बाहेर पडता येतं. त्याआधीच्या लोकांना विचारा. आणि ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंच्या मठावरून बेटावरच्याच मुई वो गावाला जाणारी डोंगरवाट कुणीच कशी लिहिली नाही? सिंहगडवाल्यांनी ती चुकवू नये. पिठलं-भाकरी सोबत न्यावी लागते, एवढंच.

वारजे
दिवाळीत आईबाबांना नेतोय. बाबांच्या गुडघ्याला चढ झेपेल का?

कोथरूड
चढ आहेत, पण आतल्या आत बस फिरते. घर स्टॉपजवळ आहे का, ते आधी विचारून घ्या.