चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ निसर्गचित्रं काढणं : बरोबर की घाई?

पाऊसवेडी :
माझ्या धाकट्या बहिणीने पुण्यातली आयटीतली नोकरी सोडली आणि आता पूर्णवेळ रानफुलांची जलरंगातली चित्रं काढणार म्हणतेय. घरात दोन तट पडलेत, मी तिच्या बाजूने आहे. सगळे म्हणतात शनिवार-रविवारी काढ की चित्रं, कोण अडवतंय. अहो पण फुलं शनिवार-रविवार बघून फुलतात का? कारवी एका डोंगरावर सात वर्षांनी एकदा फुलते, आणि तो बहर नेमका ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजच्या गडबडीच्या आठवड्यात आला तर पुढची सात वर्षं बसा वाट बघत. कास पठारावर सीतेची आसवं नावाची फुलं एवढीशी असतात की जमिनीला नाक लावून बघावी लागतात, सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीत ते जमत नाही. फोटोवरून काढ म्हणणाऱ्यांनी एकदा मोबाईलमधला जांभळा आणि खरा जांभळा शेजारी ठेवून बघावा, फोटोत तो सरळ निळा होऊन जातो. मला वाटतं इतर चित्रकारांचं माहीत नाही, पण निसर्ग काढणाऱ्याला त्याच्या वेळेला हजर राहावंच लागतं.

नाशिककर :
ताई, बहिणीच्या कलेबद्दल आदर आहे, पण मी स्पष्ट विरोधात. नोकरी सुटली की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम गेला, स्वतःची नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळत नाही. पीएफमधली पेन्शन हवी तर दहा वर्षं सर्व्हिस लागते, ती झालीय का विचारा. आणि चित्र विकलं गेलं तरी गॅलरी ३० ते ५० टक्के कमिशन कापते, फ्रेमचा खर्च वर आपलाच. फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो बघा, पॅरिसला जकातीच्या खात्यात कारकुनी करायचा, पावसात दबा धरलेल्या वाघाचं त्याचं प्रसिद्ध चित्र १८९१ चं आहे, म्हणजे नोकरीत असतानाचं! जंगल बघायला फ्रान्सच्या बाहेरसुद्धा गेला नाही, पॅरिसच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन झाडं बघायचा.

सह्यपायवाट :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. रूसोने १८९३ ला, ४९ व्या वर्षी नोकरी सोडली आणि त्याची बहुतेक जंगलं त्यानंतरची आहेत. वाघानंतर बरीच वर्षं त्याने जंगल काढलंच नव्हतं.

नाशिककर :
बरोबर, पण सोडल्यावर थोडीशी का होईना पेन्शन होती, तरी व्हायोलिन आणि चित्रकलेच्या शिकवण्या कराव्या लागल्या. आपल्याकडचं उदाहरण घ्या, प्र. अ. धोंड. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचे अधिष्ठाते होते, तरी समुद्र काढावा तर त्यांनीच.

सह्यपायवाट :
धोंडांची नोकरी चित्रकलेचीच होती हो! दिवसभर विद्यार्थ्यांच्या रंगात वावरणं आणि दहा तास एक्सेलमध्ये मान घालून बसणं, ही तुलना मला पटत नाही. संध्याकाळी घरी येईपर्यंत उजेडही गेलेला असतो आणि डोळेही.

चित्रकाकू :
मी बरीच वर्षं पूर्णवेळ हेच करतेय म्हणून बोलते, आणि मी नाशिककरांच्या बाजूला झुकते, पण कारण वेगळं आहे. नोकरी सोडली की पैसा चित्रातूनच आणायचा असतो आणि मग गिऱ्हाईक सांगेल ते काढावं लागतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल तर वास्तुवाले सात पळते घोडे, उगवतीकडे तोंड करून. कारवी भिंतीवर लावायला फार कमी लोक मागतात. पगार चालू असताना मला हवं ते गवत, हवं तेवढं काढता येत होतं, ते स्वातंत्र्य नोकरी देत होती हे सोडल्यावर कळतं. पावसाळ्यात तर अजूनच पंचाईत, फुलं तेव्हाच आणि हवा इतकी दमट की जाड कॉटन पेपरवरचा पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही, दुसरा द्यायचा कधी? म्हणजे वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे महिने तेच सगळ्यात कमी कामाचे. विकायचं काय मग?

पाऊसवेडी :
नाशिककर, मेडिक्लेम तिने राजीनाम्याच्या आधीच स्वतःच्या नावावर घेतला, पेन्शनची दहा वर्षंही पूर्ण आहेत, त्यामुळे त्या बाजूने ती उघड्यावर नाहीये. काकू, तुमचा घोड्यांचा मुद्दा मात्र खरंच जड आहे, तो मी तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती म्हणते ऑर्डरची चित्रं घेणारच नाही, पावसाळ्यात फक्त जागेवर स्केच आणि रंगांच्या नोंदी करेन, पक्की चित्रं हिवाळ्यात, आणि खर्चासाठी क्लास.

चित्रकाकू :
नोंदींचं बरोबर ठरवलंय. क्लास घेणार असेल तर लहान मुलांचे नको म्हणावं, रोजची संध्याकाळ त्यातच जाते. मोठ्यांचे घ्यावेत, महिन्यातून दोन रविवार, फी आधी.

नाशिककर :
क्लासमधून घरखर्च निघतो का हे नोकरीत असतानाच सहा महिने करून बघायला हवं होतं. मी अजूनही विरोधातच.