तपकिरी डोक्याचा कुरव : तुमचे अनुभव लिहा

हिवाळ्यात आपल्या बंदरांत, खाड्यांत हमखास दिसणारा पक्षी. कुठे पाहिलात, काय करत होता, तेवढं लिहा. फोटो नसला तरी चालेल.

▪ मांडव्याच्या बोटीमागे दरवर्षी असतात. लोक शेव-गाठ्या उडवतात, हे वरच्या वर झेलतात. मजा येते बघायला, मान्य. पण मासे, किडे, कोळ्यांनी टाकून दिलेली आतडी-बितडी हे त्यांचं खाणं. तळलेलं खारट कशाला घालायचं?

▪ याच थव्यात काळ्या डोक्याचा कुरवही असतो. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी आणि कानामागे काळपट ठिपका, म्हणजे नावावरून ओळखायला गेलात तर फसलात. डोळा बघा. प्रौढ तपकिरीचा फिकट, काळ्याचा गडद. उडाला की आणखी सोपं : तपकिरीच्या पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके, काळ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. मात्र पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांचा डोळा गडदच असतो, पंखात ठिपकेही नसतात. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर तो लहान आहे असं समजा आणि घाईने नाव ठोकू नका.

▪ मी लडाखमध्ये त्सो मोरीरीला पाहिला, जूनमध्ये. उंची साडेचार हजार मीटरच्या वर, झाड औषधालाही नाही, आणि डोक्यावर हा कलकलाट करतोय! डोकं फिकट तपकिरी, चोच-पाय लाल. वीण तिथे, तिबेटात, मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी. घरटी जमिनीवरच, शक्यतो बेटांवर किंवा दलदलीत, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांना सहज जाता येत नाही. वसाहतीच्या जवळ गेलं की सगळे एकदम उठून अंगावर येतात. लांबूनच दुर्बीण लावा. तिथे खाणं बरंचसं किड्यांचं, ट्रॉलरमागची चैन नाही.

▪ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात याला सुरय (मासे पकडणारा दुसरा एक पाणपक्षी) लुटताना पाहिलाय. त्याने मासा धरला की हे मागे लागतात, तो टाकेपर्यंत सोडत नाहीत. दांडगाई नुसती.

▪ मार्चअखेर आमच्या खाडीत अर्धवट रंगलेली डोकी दिसतात, कुणाचं पूर्ण, कुणाचं ठिपक्याठिपक्यांचं. मग थवे पातळ होत जातात. मे महिन्यातही एखादा दिसतो, तो कोण?

▪ बहुधा पहिल्या वर्षाचा. वीण करायचं वय नसतं, मग काही जण मागे राहतात. पुढच्या वेळी शेपटी बघून सांगा.