शब्दचर्चा : ‘कुबानचे कोसॅक’मधले शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रश्न

इव्हान पिर्येव यांनी मोसफिल्म या सोव्हिएत चित्रसंस्थेसाठी १९४९ मध्ये केलेला आणि फेब्रुवारी १९५० मध्ये पडद्यावर आलेला हा रंगीत चित्रपट. संगीत इसाक दुनायेव्स्की यांचं. मराठी उपशीर्षकं आणि सोबत चार पानांचं टिपण तयार करायचं आहे, तेही थेट रशियनवरून. ‘कझाक’, ‘यारमर्का’ आणि ‘प्रेदसेदातेल’ हे शब्द अडले आहेत. टिपणात ‘त्रुदोदेन’, ‘लाकिरोव्का’ आणि ‘त्रफेयनाया’ फिल्म येतात, त्यांनाही चांगले प्रतिशब्द हवेत. आणि चित्रपटाला ‘संगीतिका’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर

शेवटच्यापासून सुरुवात करतो. ‘संगीतिका’ नको. संगीतिकेत संवादसुद्धा गायले जातात. इथे माणसं बोलतात आणि मध्ये मध्ये गातात. सुरुवातीलाच कापणीचं मोठं समूहगान आहे, पुढे गाणी येत राहतात, पण कथा संवादांवर चालते. ‘संगीतपट’ हा शब्द नेमका बसतो. सोव्हिएत वर्गीकरणात याला ‘संगीत विनोदिका’ म्हणत. आपल्याकडे ‘संगीत सौभद्र’ म्हणण्याची सवय असल्यामुळे हे ‘संगीत’ वाचकाला लगेच कळेल.

‘कझाक’ (म्हणजे दक्षिण रशियातले लढवय्ये घोडेस्वार) मात्र टाळा. उच्चार बरोबर आहे, ‘झरा’मधल्या दंत्य झ-सारखा. पण मराठी वाचक ‘कझाक’ वाचून कझाकस्तानच्या लोकांचा विचार करतो. हा घोटाळा रशियनमध्येही होता. १९३६ मध्ये कझाकांच्या नावाचं शेवटचं अक्षर रशियन लेखनात ‘क’चं ‘ख’ केलं गेलं, ते या दोन समूहांची गल्लत होऊ नये म्हणून. दोन्ही शब्दांचं मूळ एकच तुर्की आहे, ‘मोकळा, कुणाच्या ताब्यात नसलेला माणूस’ अशा अर्थाचं. आपल्याला मराठीत रुळलेला ‘कोसॅक’ आहे, तोच वापरा. ‘कुबान’ ही नदी आणि तिच्या काठचा क्रास्नोदारकडचा मुलूख, म्हणून ‘कुबानी’पेक्षा ‘कुबानचे’ बरं.

पुरवणी : यारमर्का

या शब्दावर वेळ घालवा, कारण जवळजवळ सगळं कथानक तिथेच घडतं. चित्रीकरणाच्या काळात चित्रपटाचं नावही ‘आनंदी यारमर्का’ असंच होतं.

‘जत्रा’ हा पहिला सुचणारा शब्द, आणि तोच चुकीचा. जत्रेला देव लागतो, तिथी लागते, पालखी लागते. इथे देव नाही. पीक निघाल्यावर शरद ऋतूत कोलखोझ, म्हणजे सोव्हिएत सामूहिक शेतं, आपला माल घेऊन येतात, दुकानं लागतात, गाणी होतात, घोड्यांच्या शर्यती होतात. ‘आठवडी बाजार’ फार लहान पडतो. ‘मेळा’ म्हटलं की कुंभमेळा आठवतो. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘वर्षाचा बाजार’ असा आहे, त्यातला ‘बाजार’ धरून ठेवा. माझी शिफारस ‘सुगीचा बाजार’. दोनच शब्द आहेत, उपशीर्षकाच्या ओळीत मावतात, आणि ऋतूही सांगून जातात.

प्रतिप्रश्न

पण प्रेक्षकाला ‘जत्रा’ म्हटल्यावर पाळणे, गर्दी, हौस हे सगळं एका झटक्यात दिसतं. ‘सुगीचा बाजार’ त्या मानाने कोरडा नाही वाटत का?

उत्तर

गर्दी पडद्यावर दिसतेच आहे, शब्दाने ती पुन्हा दाखवायची गरज नाही. शब्दाने जे दिसत नाही ते सांगायचं, म्हणजे हा बाजार कापणीशी बांधलेला आहे हे. एखादं पात्र उत्साहाने ओरडत असेल तर तिथे नुसतं ‘बाजाराला चला!’ करा.

प्रेदसेदातेल आणि त्रुदोदेन

कोशात ‘अध्यक्ष’ मिळेल. चूक नाही, पण गावच्या तोंडात तो शब्द शोभत नाही. गालिना पेरेस्वेतोवा (मरीना लादिनिना) आणि गोर्देय वोरोन (सेर्गेय लुक्यानोव) हे दोन शेजारी कोलखोझांचे प्रमुख आहेत आणि त्यांची चढाओढ हाच कथेचा कणा आहे. साखर कारखान्याच्या आणि सोसायटीच्या महाराष्ट्रात अशा माणसाला ‘चेअरमन’ म्हणतात. संवादात सरळ ‘चेअरमन’ घाला, टिपणात ‘अध्यक्ष’ ठेवा. ‘सरपंच’ मात्र अजिबात नको, ते गावाचं पद झालं.

‘चेअरमन’ घेतलं म्हणून कोलखोझाला ‘सहकारी संस्था’ करू नका. सहकारी संस्थेत सभासदाची जमीन त्याच्या नावावर राहते. कोलखोझात जमीन राज्याची, कसणं एकत्र आणि मोबदल्याचा हिशेब त्रुदोदेनमध्ये. ‘सामूहिक शेत’ लिहा किंवा ‘कोलखोझ’ तसंच ठेवा.

त्रुदोदेनचा शब्दशः अर्थ ‘श्रमदिवस’, आणि इथेच भाषांतरं घसरतात. तो कॅलेंडरचा दिवस नाही, हिशेबाचं एकक आहे. कामाच्या अवघडपणाप्रमाणे एका दिवसाचे दीड-दोन त्रुदोदेन लागत, हलक्या कामाला एकाहून कमी. राज्याला द्यायचं धान्य, ट्रॅक्टर पुरवणाऱ्या सरकारी केंद्राचा वाटा आणि बियाणं वगळून जे उरेल ते त्रुदोदेनांच्या संख्येवर वाटलं जाई. म्हणजे एका त्रुदोदेनला किती मिळणार हे वर्षअखेरीपर्यंत कुणालाच माहीत नसे. म्हणून ‘रोज’ किंवा ‘हजेरी’ नको, कारण रोजाचा दर आधी ठरलेला असतो. ‘श्रमदिन-गुण’ असा शब्द घडवा आणि पहिल्या उल्लेखाला एका ओळीत खुलासा करा. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत संपली, तेव्हा क्रियापद भूतकाळात ठेवा.

लाकिरोव्का

टिपणातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द हाच. शब्दशः अर्थ ‘चकचकीत रोगण चढवणं’. १९४६-४७ च्या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी पडद्यावर ओसंडणारी दुकानं दाखवली गेली. स्तालिनच्या मृत्यूनंतर अशा चित्रणाला ‘वास्तवाची लाकिरोव्का’ म्हणू लागले. १९५६ च्या भाषणात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी कोलखोझांवरच्या अशा चित्रपटांवर टीका केली, टर्की आणि हंसांच्या ओझ्याने वाकलेली टेबलं हा त्यांचा दाखला. त्यांनी चित्रपटाचं नाव घेतलं नव्हतं, हे टिपणात नीट लिहा.

‘सारवासारव’ चालणार नाही, ती चूक उघडी पडल्यानंतरची धडपड. ‘अतिशयोक्ती’ने दोष फक्त प्रमाणाचा ठरतो. ‘वास्तवाला मुलामा’ उत्तम, कारण आतला धातू वेगळा आहे हे ‘मुलामा’ शब्दातच आहे. जाता जाता, रशियन ‘लाक’ जर्मन, इटालियन, अरबी, फारसी अशा वाटेने थेट संस्कृत ‘लाक्षा’पर्यंत, म्हणजे आपल्या लाखेपर्यंत जातो. तरी ‘लाख चढवणे’ लिहू नका, मराठीत त्याला हा लाक्षणिक अर्थ नाही.

त्रफेयनाया

‘ट्रॉफी’ लिहिलंत तर क्रिकेटचा चषक डोळ्यांपुढे येईल. अर्थ ‘युद्धात ताब्यात आलेली’. जर्मनीतल्या वोल्फेनचा आग्फा कंपनीचा फिल्म कारखाना जुलै १९४५ मध्ये सोव्हिएत ताब्यात गेला आणि तिथली आग्फाकलर फिल्म मॉस्कोला पोहोचली. ‘दगडी फूल’ (१९४६) हा सोव्हिएत चित्रपट तिच्यावरच झाला. पुढे तेच तंत्र ‘सोवकलर’ म्हणून चाललं. ‘युद्धलुटीची फिल्म’ लिहा, मराठी इतिहासवाचकाला ‘लूट’ परकी नाही.

या फिल्मला ‘तीन रंगांची’ म्हणून थांबू नका, टेक्निकलर ही अमेरिकन पद्धतही तीन रंगांचीच. फरक असा : टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात तीन वेगळ्या निगेटिव्ह धावत आणि प्रिंटवर रंग छापून उमटवत. आग्फाकलरमध्ये एकाच पट्टीवर तीन थर असतात. वरचा थर निळ्या प्रकाशाला संवेदनशील, मग पिवळी गाळणी, त्याखाली हिरव्याचा थर, तळाशी लाल रंगाचा. रंगद्रव्य तयार करणारे रेणू थरांतच अडकवलेले असतात, त्यामुळे एकाच डेव्हलपरमध्ये तिन्ही रंग उमटतात. म्हणून ‘बहुस्तरीय रंगीत फिल्म’ म्हणा. मात्र तिन्ही द्रव्यं सारख्या वेगाने विटत नाहीत आणि जुन्या प्रिंटचा रंग एकीकडे झुकतो. दिग्दर्शकाची रंगयोजना ठरवताना अशा प्रिंटवर विसंबू नका.

मराठी वाचकासाठी एक दुवा द्यायला हरकत नाही. प्रभातच्या ‘सैरंध्री’ची (१९३३) रंगीत छपाई जर्मनीत झाली होती, पण ती पद्धत या बहुस्तरीय फिल्मच्या आधीची होती आणि रंग मनाजोगे उतरले नाहीत. सत्तरच्या दशकात आपल्या श्रेयनामावल्यांत दिसणारं ‘ओरवोकलर’ मात्र त्याच वोल्फेन कारखान्याचं, १९६४ नंतरच्या नव्या नावाचं.